तहातली बाई

मराठी बाईने इतिहासातला एक कागद बदलला, हे आपल्याला अगदी लहानपणापासून ठाऊक असतं. 'ध'चा 'मा' केला आनंदीबाईने. पुतण्याला धरावे असं लिहिलं होतं, तिने मारावे असं केलं, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. ही गोष्ट पुराव्याने कधी सिद्ध झालेली नाही. पण भाषेत ती अशी काही रुजली आहे की आजही कुणी निरोपात खोट केली की आपण म्हणतो, हिने 'ध'चा 'मा' केला. एका अक्षरासाठी एक बाई अडीचशे वर्षं बदनाम आहे.

आणि ज्या कागदांवर बायकांची नावं इतरांनीच घातली, त्यांच्या आयुष्याचे निर्णय इतरांनीच लिहून टाकले, त्या कागदांवर आपल्याकडे एखादी म्हणसुद्धा नाही. मला या लेखात अशा कागदांबद्दल लिहायचं आहे. तह हा वाङ्मयप्रकार आहे असं समजून मी ते वाचले आहेत. कथा-कादंबरीचं परीक्षण करताना आपण विचारतो, हे कोण सांगतंय, कुणाच्या तोंडी संवाद आहेत, कोण गप्प आहे. तेच प्रश्न तहाला का विचारू नयेत?

मी ग्वाल्हेरची सून. माहेर कोल्हापूरकडचं, कागलजवळचं. लग्न होऊन लष्करात आले तेव्हा बाड्यावरची भाजीवालीसुद्धा मला परक्या मुलखातली वाटायची. मग कळलं की माझ्या आधी दोनशे वर्षांपूर्वी कागलच्याच घाटग्यांची लेक इथल्या शिंद्यांची सून होऊन आली होती. बायजाबाई. तेव्हापासून इतिहासाशी माझं नातं जरा घरगुती झालं. बी. ए.ला जो विषय पाठ करून पास झाले, तो चाळिशीनंतर मी पुन्हा वाचायला घेतला, पोळ्या झाल्यावर, दुपारच्या निवांत वेळी. शिंदे आणि इंग्रज यांच्यातल्या तहांची कलमं एचिसनने एकत्र छापलेली आहेत. माझ्या मुलीने त्यांच्या छायाप्रती काढून आणल्या. इंग्रजी जड, वाक्यं लांबलचक. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली.

सुरुवात अर्थात साल्बाईपासून. हे गाव ग्वाल्हेरच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर आहे. १७ मे १७८२ रोजी तिथे महादजी शिंद्यांच्या छावणीत तह झाला. इंग्रजांच्या बाजूने गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जचा वकील डेव्हिड अँडरसन, आणि पेशव्यांच्या वतीने महादजी. एकूण कलमं १७. साष्टी इंग्रजांकडे राहिली. पुरंदरच्या तहानंतर त्यांनी घेतलेला वसईसारखा मुलूख पेशव्यांकडे परत आला. राघोबांचा पक्ष इंग्रजांनी सोडायचा, त्यांना पेशव्यांनी महिना २५,००० रुपये द्यायचे. आणि तहाच्या पालनाचा जामीन दोन्ही बाजूंसाठी एकच, महादजी.

मराठी वाचकाला साल्बाई आवडते, आणि ते बरोबरच आहे. समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर या कागदाला दोन लेखक आहेत. कलमं वाचताना दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो हे सोडणार नाही, दुसरा म्हणतो मग ते परत करा. पुण्यात नाना फडणीस अडून बसले, हैदर अली मरेपर्यंत थांबले, आणि १७८३च्या फेब्रुवारीत तहावर शिक्कामोर्तब पूर्ण झालं. म्हणजे 'थांबा, मला विचार करू द्या' असं म्हणण्याची ताकद या बाजूला होती. कुठल्याही करारात मी पहिल्यांदा हेच बघते. दोघांपैकी कमजोर माणसाला थांबता येतं का?

तरीसुद्धा साल्बाई अगदी निर्मळ नाही हो. हैदर अलीने जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा असं एक कलम त्यात आहे, आणि हैदर त्या तहात सहभागीच नव्हता. ज्याला विचारलं नाही त्याच्या वतीने वचन देऊन टाकलं! आणि राघोबांचा महिना ठरला, पण त्यांच्यासोबत फरफटलेल्या आनंदीबाईंचं काय? नवरा वर्ष-दीड वर्षात गेला, पदरी लहान मुलगा. तो पुढे दुसरा बाजीराव झाला. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून जिचा एवढा गाजावाजा, तिचं आयुष्य ज्या कागदाने ठरवलं त्यात तिला विचारण्याची कुणालाच गरज वाटली नाही.

पुढचा कागद २२ नोव्हेंबर १८०५चा, मुस्तफापूरचा. मधल्या काळात महादजी गेले होते. दौलतरावांनी असई, लासवारीत मार खाल्ला होता. ३० डिसेंबर १८०३च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दिल्ली, आग्रा, दुआब, भडोच, अहमदनगर, सगळं गेलं होतं. मुस्तफापूरचा तह जॉन माल्कमने घडवला, आणि त्यात मला पहिल्यांदा बायकांची नावं सापडली. दौलतरावांची पत्नी बायजाबाई हिला दोन लाखांची जहागीर, मुलगी चिमणाबाई हिला एक लाखाची. दोन्ही कंपनीच्या मुलखात. मला आधी आनंद झाला. चला, बाईचं नाव तरी आलं!

मग त्याच तहातलं आणखी एक कलम वाचलं. सर्जेराव घाटगे यांना शिंद्यांनी कधीही आपल्या कारभारात घेऊ नये. सर्जेराव म्हणजे बायजाबाईचे वडील. माणूस क्रूर होता, पुण्याच्या लोकांनी त्याचा फार जाच सोसला, त्याची बाजू मी घेत नाही. पण एक कागद म्हणून बघा. एकाच कागदात लेकीला जहागीर आणि बापाला दरवाजा बंद. लेकीला याबद्दल काय वाटलं, हे कागदाला ठाऊक नाही. त्याला तिच्या मताची गरज नाही, तिच्या मिंधेपणाची आहे. कंपनीच्या मुलखातली जहागीर म्हणजे कंपनीच्या हातातली दोरी. बाईचं नाव तहात आलं ते देणाऱ्याच्या यादीत आलं नाही, घेणाऱ्याच्या यादीत आलं.

बायजाबाई काही गप्प बसणारी बाई नव्हती. १८२७ मध्ये दौलतराव गेल्यावर तिने दत्तक घेऊन स्वतः कारभार केला, सावकारीही पाहिली. १८३३ मध्ये तिला ग्वाल्हेर सोडावं लागलं. १८३५ मध्ये फत्तेगडच्या छावणीत फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई तिला भेटली. दोघींनी घोड्यावर बसायच्या पद्धतींवर गप्पा मारल्या, आणि विलायतेत लग्न झालेल्या बाईला कायद्याने काहीच हक्क कसे नसतात यावरही बोलल्या. हे पार्क्सबाईने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. मला तहांच्या सगळ्या कलमांपेक्षा त्या दोघींच्या तंबूतल्या गप्पा जास्त खऱ्या वाटतात. तिथे दोन आवाज आहेत.

आता मुख्य कागद, १३ जानेवारी १८४४चा ग्वाल्हेरचा तह. या तहातल्या राणीचं नाव ताराबाई. मराठी माणसाला ताराबाई म्हटलं की कोल्हापूरची आठवते, औरंगजेबाशी झुंजलेली. आमच्या ग्वाल्हेरची ताराबाई कुणालाच आठवत नाही. मी वाचलेल्या मराठी पुस्तकांत तिला कुठे अर्धं पान, कुठे दोन ओळी. त्यातही 'अल्पवयीन', 'अननुभवी', 'कारस्थान्यांच्या हातातलं बाहुलं' असले शब्द.

घडलं ते असं. ७ फेब्रुवारी १८४३ रोजी जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तिने आठ वर्षांच्या भगीरथरावांना दत्तक घेतलं. तेच जयाजीराव. आई बारा-तेराची, मुलगा आठाचा! गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांनी कारभारी म्हणून मामासाहेब कदमांना मान्यता दिली. तीन-चार महिन्यांत ताराबाईने मामासाहेबांना काढलं आणि दादा खासगीवाल्यांना पुढे केलं. इथपर्यंतची गोष्ट म्हणजे दरबारातले दोन पक्ष, जे प्रत्येक दरबारात असतात.

पण कलकत्त्याला हे पसंत पडलं नाही. गव्हर्नर जनरलने ताराबाईच्या नावे पत्र पाठवलं, ते दादा खासगीवाल्यांनी तिच्यापर्यंत पोचूच दिलं नाही. एलनबरोंनी हा मोठा गुन्हा ठरवला. मी इथे बराच वेळ थांबले. पत्र तिच्या नावाचं, तिला मिळालं नाही, हा तिच्यावर झालेला अन्याय. पण त्याची शिक्षा कुणाला झाली? दादांना इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं हे खरं, पण त्यानंतरही फौज आलीच. तिचं पत्र तिच्या माणसाने दाबलं, म्हणून तिच्याच राज्यावर तोफा!

फौज चंबळ ओलांडून आली तो आधारही वाचण्यासारखा आहे. २७ फेब्रुवारी १८०४चा बऱ्हाणपूरचा जुना तह एलनबरोंनी बाहेर काढला. महाराजांनी मागणी केली तर इंग्रजांनी मदतीला फौज द्यावी, असा त्याचा आशय. आता महाराज आठ-नऊ वर्षांचे, त्यांनी मागणी केलीच नव्हती. मग अर्थ असा लावला की महाराज लहान आहेत, मागू शकत नाहीत, म्हणून त्यांना मदतीची गरज आहे हे आम्हीच ठरवतो. लहान मुलाच्या न मागण्यालाच मागणी ठरवलं. साहित्यात याला भाष्यकाराची मनमानी म्हणतील. राजकारणात ती पचून गेली. पंजाबात लाहोरचा दरबार अस्थिर होता, शेरसिंगाचा सप्टेंबरमध्ये खून झाला होता, आणि पाठीमागे ग्वाल्हेरचं तीस-चाळीस हजारांचं कवायती सैन्य ठेवून पंजाबकडे तोंड करणं इंग्रजांना धोक्याचं वाटत होतं. खरं कारण ते. कागदावर कारण, महाराजांची मैत्री.

२९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. उत्तरेला महाराजपूर, तिथे सर ह्यू गफ. नैर्ऋत्येला पनिहार, तिथे जनरल ग्रे. आज शिवपुरीला जाताना पनिहार लागतं, आपण चहा प्यायला थांबतो आणि पुढे जातो. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले. इंग्रजांचे एकट्या महाराजपूरला मेलेले-जखमी मिळून सुमारे ८०० झाले. मिळालेल्या तोफा वितळवून त्यांच्या धातूच्या चांदण्या, म्हणजे पदकं, सैनिकांना वाटली. कलकत्त्याला हुगळीकाठी स्मारक उभारलं.

आणि एक गोष्ट तर मी मैत्रिणींना नेहमी सांगते. महाराजपूरला इंग्रज सेनेबरोबर चार स्त्रिया हत्तींवर होत्या. सेनापती गफची पत्नी आणि मुलगी, हॅरी स्मिथची स्पॅनिश पत्नी हुआना, आणि आणखी एक. तोफगोळे त्यांच्या जवळपास पडले. एलनबरोंनी या चौघींना त्यांच्या धैर्याबद्दल सोन्याच्या चांदण्या दिल्या. म्हणजे बाईचं धैर्य त्यांना दिसत नव्हतं असं नाही. आपल्या बाजूच्या बाईचं दिसत होतं. समोरच्या बाजूच्या पोरीने आपल्या मनाने कारभारी बदलला, त्याला मात्र धैर्य म्हटलं नाही, अव्यवस्था म्हटलं.

दोन आठवड्यांत तह झाला. सैन्य ९,००० पर्यंत खाली आणायचं, त्यात पायदळ ३,००० पेक्षा जास्त नको. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिंजंट फौज वाढवायची, तिच्या खर्चासाठी वर्षाला १८ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. वर २६ लाख रुपये भरायचे. १९ जानेवारी १८५३ रोजी महाराज अठरा वर्षांचे होईपर्यंत कारभारी मंडळाने राज्य चालवायचं, रामराव फाळके त्याचे प्रमुख, आणि मंडळाने रेसिडेंटच्या सल्ल्याने वागायचं. त्याला विचारल्याशिवाय मंडळातला माणूस बदलायचा नाही. आणि ताराबाई? तिला वर्षाला तीन लाख रुपये.

तह म्हणून हा कागद फार सफाईदार लिहिलेला आहे, हे मी मान्य करते. आकडे चोख, तारखा चोख, कुठे पळवाट नाही. पण यात आवाज एकच. दुसऱ्या बाजूची एकही अट मला त्यात सापडली नाही. कुणी कशावर अडून बसलं, घासाघीस केली, याची खूण नाही. 'सल्ला' या शब्दाचा अर्थ इथे 'हुकूम' आहे, 'मैत्री'चा अर्थ 'ताबा', आणि 'तरतूद' म्हणजे 'बाजूला बस'. खरा 'ध'चा 'मा' तर हा! आनंदीबाईने एक अक्षर बदललं म्हणतात, इथे शब्द तसेच ठेवून अर्थ बदलले आहेत.

हा लेख आमच्या महिला मंडळात आधी तोंडी मांडला, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "अगं, पण तीन लाख मिळाले ना तिला? त्या काळचे तीन लाख! काय वाईट झालं?" दुसरी म्हणाली, "आणि तिच्या हातात राज्य ठेवलं असतं तर बुडवलंच असतं ना तिने?"

दोन्ही मुद्दे सोडून देण्यासारखे नाहीत. जैन घरात वाढलेल्या बाईला एकाच बाजूने बघायची सोय नसते. आजोबा म्हणायचे, वस्तूला अनेक अंग असतात, 'च' लावण्याआधी 'ही' लावून बघ. म्हणून लावून बघते. ग्वाल्हेरच्या सैन्याचा पगार तुंबला होता, शिपाई दरबाराला जुमानत नव्हते, हेही खरं. दादा खासगीवाले काही साधू नव्हते, हेही खरं. बारा वर्षांच्या मुलीला दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी वापरलं असणार, हेही खरं. पण मग एवढं सगळं मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. तिच्या नावाने इतकं झालं, तर तिचं एक वाक्य कागदात का नाही?

दुसरीकडे असं होतं का, हे बघायला मी जरा लांब गेले. अमेरिकेत इंग्रज गव्हर्नर आणि इरोक्वॉय या आदिवासी राष्ट्रसंघात अनेक तह झाले. त्यातला १७४४चा पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टरचा तह बेंजामिन फ्रँकलिनने छापला. तिथे हे तह पुस्तिका म्हणून छापले-वाचले जात, कारण त्यांत भाषणं असत. ओनोंडागा जमातीचा कनासाटेगो उठून बोलतो, गव्हर्नर उत्तर देतो, असं नाटकासारखं. इरोक्वॉयांची रीत मला फार आवडली. समोरच्याचं म्हणणं ऐकल्यावर लगेच उत्तर द्यायचं नाही. रात्रभर आपसांत विचार करायचा आणि दुसऱ्या दिवशी आधी त्याचं बोलणं मुद्द्यामागून मुद्दा पुन्हा म्हणून दाखवायचं. मग आपलं सांगायचं. प्रत्येक मुद्द्यासोबत शिंपल्यांच्या मण्यांचा विणलेला पट्टा द्यायचा, म्हणजे शब्दाला साक्ष राहते. आपल्याकडे वादात आधी पूर्वपक्ष मांडतात, तसंच हे. आणि त्यांच्यात सरदार नेमायचा आणि चुकला तर काढायचा अधिकार कुळातल्या वडीलधाऱ्या बायकांकडे असे. ताराबाईने कारभारी बदलला तेव्हा तिने त्यांच्या दृष्टीने काहीच जगावेगळं केलं नव्हतं!

पण तिथेही शेवट काय झाला? लँकेस्टरला इरोक्वॉयांना वाटलं की आपण शेनांडोआ खोऱ्याभोवतीच्या जमिनीवरचा हक्क सोडला. व्हर्जिनियाने अर्थ लावला की राजाच्या सनदेत येते ती पश्चिमेकडची सगळी जमीन आपली. भाषणांना दोन आवाज होते, खरेदीखताला एकच. गोड बोलणं सभेत होतं, आणि खरं काम शेवटच्या पानावर. हे वाचलं आणि माझ्या हातातला चहा निवला.

कारण शेवटचं पान मला चांगलं ठाऊक आहे. आता जे सांगते ते इतिहासातलं नाही.

२००५च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. आपल्या जैन कुटुंबांनाही तो लागू आहे. त्यानंतर चार वर्षांनी मी माहेरी गेले. आईचं वर्षश्राद्ध आम्ही करत नाही, पण सगळे जमलो होतो. दुसऱ्या दिवशी भाऊ मला तालुक्याला घेऊन गेला. हक्कसोडपत्र तयार होतं. भाऊ वाईट नाही. मला काविळ झाली तेव्हा रात्रभर गाडी चालवून इथवर आलेला भाऊ आहे तो. त्याने पानं उलटली, बोट ठेवलं आणि म्हणाला, "आक्का, हितं सही कर." मी केली. आणखी तीन ठिकाणी केली. एकही ओळ वाचली नाही. वाचायला मागणं म्हणजे भावावर संशय घेणं, असं मला वाटलं. संध्याकाळी वहिनीने भारी इरकली साडी दिली, खण दिला, ओटी भरली. मी इतकी भारावून गेले की डोळ्यांत पाणी आलं.

ताराबाईचे तीन लाख वाचले तेव्हा मला ती इरकली आठवली. 'तीन लाख मिळाले ना' म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर हे आहे. साडी चांगली होती. मी ती अजून नेसते. प्रश्न साडीचा नाहीच. मला वाटा हवा होता की नको होता, हे मलाच आजवर माहीत नाही, कारण ते मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. कदाचित मी आनंदाने सोडलाही असता. पण सोडणं हे करणाऱ्याचं असतं, आणि माझ्याकडून ते करवून घेतलं गेलं.

हे एवढं शहाणपण मी कागदावर उतरवलं आणि मग माझीच परीक्षा आली. लष्करातला आमचा सासऱ्यांचा जुना वाडा आता पडायला आला आहे. नव्याने बांधायचा तर कागद एका नावावर हवेत. वकिलाने हिंदीत हकत्यागाचा मसुदा पाठवला. वन्संची, म्हणजे माझ्या नणंदेची, सही हवी. त्या इंदूरहून येणार होत्या. हे म्हणाले, "ती काही नाही म्हणायची नाही. तू जेवायला चांगलं काहीतरी कर." आणि मी, ज्या मीने हे वरचं सगळं लिहिलं, त्या मीने काय केलं? बाड्यावर जाऊन त्यांच्यासाठी चंदेरी साडी घेऊन आले!

घरी येऊन पिशवी टेबलावर ठेवली. शेजारीच एचिसनची पानं पडली होती. मला हसूही येईना. गव्हर्नर जनरल काही फक्त कलकत्त्याला नसतो. टेबलाच्या ज्या बाजूला कागद तयार असतो, त्या बाजूला बसलेलं कुणीही गव्हर्नर जनरल होतं, आणि त्याला मनापासून वाटत असतं की आपण मैत्रीच करतोय. एलनबरोंनाही वाटलं असेल. माझ्या भावालाही.

जेवणं झाल्यावर मी यांना म्हटलं, सही उद्या. आज फक्त वाचन. मसुदा घेतला आणि वन्संच्या समोर बसून एकेक कलम मोठ्याने वाचलं, हिंदी शब्द अडला तिथे मराठीत सांगितला. वाड्याची आजची किंमत अंदाजे किती हेही सांगितलं, जे मसुद्यात नव्हतं. हे खिडकीबाहेर बघत राहिले. वन्सं शांत ऐकत होत्या. मी वाचलं, 'मैं अपनी स्वेच्छा से, बिना किसी दबाव के', आणि त्यांनी हात वर केला.

"वहिनी, हे आधीच कसं लिहिलं? मला अजून कुणी विचारलंच नाहीये."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग वन्संच म्हणाल्या, "रात्री विचार करते. उद्या सांगते."

हे लिहीत असताना त्या आतल्या खोलीत झोपल्या आहेत. सकाळी काय म्हणतील, मला माहीत नाही. वाटा मागतील, तर वाड्याचं गणित बिघडेल आणि हे माझ्यावर रागावतील. सोडतील, तर ते त्यांचं सोडणं असेल. चंदेरी साडी मी कपाटात ठेवून दिली आहे. ती सहीच्या दिवशी द्यायची नाही एवढं ठरवलं आहे. क्षमावणीला देईन.

ताराबाईला कुणी म्हटलं असतं का, बाईसाहेब, आज फक्त वाचन, सही उद्या? १८४४च्या जानेवारीत ग्वाल्हेरात तसं म्हणणारं कुणी नव्हतं. ज्या कंटिंजंट फौजेसाठी १८ लाखांचा मुलूख तोडून घेतला, तीच फौज १८५७च्या जूनमध्ये उठली, इंग्रजांवरच उलटली. एका आवाजात लिहिलेला कागद किती टिकतो, याचं उत्तर आमच्याच गावाने तेरा वर्षांत दिलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्यापुढे कधी ना कधी कागद येणार आहे. कधी तुम्ही सही करणाऱ्या असाल, कधी सही घेणाऱ्या. दोन्ही वेळा तो मोठ्याने वाचा.